जंगलातली नोंद छापून येते तेव्हा

मुलगा डॉक्टर झाला, इंजिनीअर झाला, की घरात पेढे वाटले जातात. पण मुलीने एम.एस्सी. करून ‘मी आता जंगलात जाऊन मुंग्या मोजणार’ असे जाहीर केले, तर पेढ्यांऐवजी प्रश्नच जास्त येतात. यातून मिळणार काय? पुढे नोकरी कोण देणार? आणि दोन-तीन वर्षे चिखल तुडवून शेवटी हाती काय, तर कुठल्याशा इंग्रजी नियतकालिकात छापलेली दहा-बारा पाने!

ही दहा-बारा पाने किती मोलाची ठरू शकतात हे पाहायचे, तर बेंगळुरूला जायला हवे. 1909 साली स्थापन झालेली तिथली भारतीय विज्ञान संस्था जुन्या बेंगळुरूकरांच्या तोंडी ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच आहे. तिथे 1973 मध्ये एक मराठी दांपत्य रुजू झाले. माधव गाडगीळ परिसरशास्त्राचे, तर सुलोचना गाडगीळ हवामानशास्त्राच्या, विशेषतः मान्सूनच्या अभ्यासक. दोघेही हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन 1971 मध्ये मायदेशी परतले होते.

परतण्यापूर्वीच माधवरावांचे नाव झाले होते. 1970 मध्ये विल्यम बॉसर्ट यांच्यासह त्यांनी ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. काही जीव दरवर्षी थोडी थोडी पिल्ले किंवा बिया देतात, तर सामन मासा किंवा बांबू सारी शक्ती साठवून एकदाच पुनरुत्पादन करतो आणि मरून जातो. असे का? त्याचे उत्तर या दोघांनी गणिताने मांडले आणि तो निबंध जगभर वाचला गेला.

परदेशात राहून असे आणखी दहा निबंध लिहिता आले असते. पण माधवराव पुण्याला आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर देवरायांमधून हिंडू लागले. देवाच्या धाकाने राखलेल्या या रानांचा अभ्यास 1975 आणि 1976 मध्ये छापून आला, तेव्हा आजीच्या गोष्टीतली देवराई विज्ञानाचा विषय बनली.

बांबूचे काटे कुणी काढले?

कर्नाटकात मात्र त्यांची गाठ खऱ्याखुऱ्या बांबूशी पडली. 1975 च्या सुमारास राज्य सरकारपुढे तक्रारी होत्या की, जंगलातला बांबू झपाट्याने संपतो आहे. कागद गिरण्यांना तो नाममात्र दराने मिळत असे. बुरुडांना मात्र टोपल्या-सुपे विणायला बाजारभावाने घ्यावा लागे. दोष कुणाचा? साहजिकच गावकऱ्यांचा आणि त्यांच्या गुरांचा, असे गिरण्यांचे आणि वनखात्याचे म्हणणे.

माधवराव आणि त्यांचे विद्यार्थी नरेंद्र प्रसाद यांनी जंगलात जाऊन एकेक बेट तपासले, कोंब मोजले. तेव्हा वेगळेच चित्र दिसले. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. वनखात्याची समजूत अशी की, ते काढून टाकले की बेट मोकळे होईल आणि नवे कोंब जोमाने वाढतील. शिवाय तोडणीही सोपी! प्रत्यक्षात ते जाळे म्हणजे कोंबांचे कुंपण होते. कुंपण गेले आणि लुसलुशीत कोंब गुरे, माकडे, साळिंदरे यांच्या तोंडी पडले. गावकरी स्वतःपुरता बांबू तोडताना हे काटे कधीच काढत नसत. त्यांना ते ठाऊक होते, पण त्यांचे म्हणणे कागदावर कुणी उतरवले नव्हते आणि वनखात्याच्या योजना तर कागदावरच चालत. मोजलेले, तपासलेले आकडे हाती आल्यावर मात्र ‘अडाणी लोकांचा गैरसमज’ म्हणून ते झटकून टाकणे शक्य राहिले नाही.

1983 मध्ये याच संस्थेत परिसरशास्त्राचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार यांनी पिकांवर धाडी घालण्यात मादींपेक्षा नर कसे पुढे असतात हे 1988 मध्ये माधवरावांबरोबर मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे आशियाई हत्तींवरचे पुस्तक केंब्रिजने काढले.

खिडकीतली गांधीलमाशी

पण ‘संशोधनाला पैसा लागतो’ म्हणणाऱ्यांनी राघवेंद्र गदगकरांची हकिगत ऐकावी. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना खिडक्यांवर गांधीलमाश्यांची पोळी त्यांना दिसली. डॉक्टरेट केली ती रेणवीय जीवशास्त्रात, पण छंद सुटला नाही. साहित्य किती? रंगाची डबी, वही आणि अफाट चिकाटी. प्रत्येक माशीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि कोण केव्हा काय करते ते तासन् तास टिपायचे. एन. व्ही. जोशी यांच्यासह 1983 मध्ये ‘अ‍ॅनिमल बिहेवियर’मध्ये त्यांनी दाखवले की, पोळ्यातल्या माश्यांत बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या असे गट असतात. आणि राणी? या जातीची राणी चक्क बसून राहणाऱ्यांत मोडते! घरातली सत्ता नेहमी आवाज चढवणाऱ्याच्या हाती असते, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता छापून येण्याविषयी. संपादकाकडे लेख गेला की तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवला जातो. त्यांना याचे मानधन नसते. ते शंका काढतात, आकडेमोड पुन्हा करायला लावतात, बऱ्याचदा साभार परतही पाठवतात. यात महिने जातात, कधी वर्षसुद्धा. परिसरशास्त्रात तर उशीर आधीपासूनच असतो, कारण बांबूचा फुलोरा साधारण 40-45 वर्षांनी येतो आणि तो कुणाच्या पीएच.डी.साठी लवकर येत नाही. बेंगळुरूचे एक भाग्य असे की, ‘करंट सायन्स’ 1932 पासून इथूनच निघते, आणि सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापलेल्या विज्ञान अकादमीची नियतकालिकेही इथलीच. अकादमीच्या संकेतस्थळावर ती कुणालाही मोफत वाचता येतात.

पैसे द्या, छापून घ्या

पालकांनी सावध राहावे अशी जागा वेगळीच आहे. बढतीसाठी, प्रवेशासाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने निघाली. 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’साठी एक गंमत केली. दगडफुलातल्या, होय, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या एका पदार्थाने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते, असा ढोबळ चुकांनी भरलेला खोटा लेख त्याने 304 नियतकालिकांना धाडला. 157 जणांनी तो स्वीकारला! त्यांत भारतातून चालणारी नियतकालिके मोठ्या संख्येने होती, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. काही प्रतिष्ठित नियतकालिकेही शुल्क घेतात, पण तपासणीनंतर. न मागता पत्र आले, चार दिवसांत छापण्याची हमी दिली आणि रक्कम आधी मागितली, तर तुमच्या लेकीने ते पत्र सरळ फाडावे.

दुसरी अडचण भाषेची. कारवारच्या जंगलातली माहिती इंग्रजीत छापली गेली, तरी ती देणाऱ्या गावकऱ्याला वाचता येत नाही. माधवराव म्हणून मराठीतही लिहीत राहिले. गावोगावच्या लोकांनी आपल्या परिसराच्या नोंदी स्वतः लिहाव्यात, ही त्यांनी हिरिरीने मांडलेली कल्पना. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर स्थानिक समित्यांकडे तशा नोंदवह्यांचे काम आले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्र सरकारला दिला, तर तो महिनोन्‌ महिने दाबून ठेवला गेला. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि 2012 च्या मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला, तोही इंग्रजीत. हा अहवाल स्थानिक भाषांत भाषांतरित करून ग्रामसभांपुढे ठेवा आणि मगच निर्णय घ्या, असा आग्रह माधवराव त्यानंतर वर्षानुवर्षे धरत राहिले.