समुद्रात सांडलेली बदकं आणि सापडलेले प्रवाह

व्हॉट्सअॅपवर एक चित्र अधूनमधून फिरत असतं. निळ्या पाण्यावर पिवळ्याधमक खेळण्यातल्या बदकांचा थवाच्या थवा, आणि खाली मजकूर: १९९२ साली जहाजावरून २८ हजार रबरी बदकं समुद्रात पडली आणि जगप्रदक्षिणा करून इंग्लंडला पोहोचली! आमच्या गटावर ते आलं तेव्हा हसरे चेहरे पडले, कोणीतरी 'आमच्या बाणावलीला कधी येणार?' असं विचारलं, आणि गाडी पुढच्या निरोपाकडे गेली.

अशा अजब बातम्यांचं बहुधा असंच होतं. या बातमीचा गाभा मात्र खरा आहे, आणि तो त्या निरोपापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे. शिवाय शेवटी ती आपल्या गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते. बदकं येत नाहीत, पण गोष्ट येते. म्हणून ती नीट सांगावीशी वाटली.

आधी खरं काय ते पाहू

जानेवारी १९९२ मध्ये 'एव्हर लॉरेल' नावाचं मालवाहू जहाज हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टॅकोमा बंदराकडे निघालं होतं. १० जानेवारीला उत्तर पॅसिफिकमध्ये, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपास, ते वादळात सापडलं आणि डेकवरचे १२ कंटेनर समुद्रात गेले. त्यांपैकी एकात लहान मुलांची अंघोळीच्या वेळी खेळायची खेळणी होती. चीनमध्ये बनलेली आणि 'द फर्स्ट इयर्स' या अमेरिकी कंपनीसाठी निघालेली ही एकूण २८,८०० खेळणी.

इथेच पहिली दुरुस्ती. ती सगळी बदकं नव्हती. चार-चार खेळण्यांचे ७,२०० संच होते: एक पिवळं बदक, एक निळं कासव, एक हिरवा बेडूक आणि एक लाल बीव्हर. (बीव्हर म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारा, उंदराच्या कुळातला प्राणी.) म्हणजे बदकं फक्त ७,२००. दुसरी दुरुस्ती: ती रबराची नव्हती, पोकळ प्लास्टिकची होती. आणि तिसरी: ती कधीच थव्याने तरंगत गेली नाहीत. एवढ्या मोठ्या समुद्रात वारा आणि लाटा काही दिवसांतच सगळ्यांची पांगापांग करून टाकतात. परदेशात धर्मादाय कामासाठी नदीत बदकांच्या शर्यती लावतात. तसल्या शर्यतीचाच तो फोटो असावा.

कंटेनर फुटला, पुठ्ठ्याची वेष्टनं खाऱ्या पाण्यात विरघळली आणि खेळणी सुटी झाली. एरवी अशा खेळण्यांच्या बुडाला भोक असतं. दाबलं की पाणी आत शिरतं. यांना भोकच नव्हतं. त्यामुळे ती बुडाली नाहीत, वर्षानुवर्षं तरंगत राहिली. पुढची सगळी कथा या एका गोष्टीमुळे घडली.

आईने दाखवलेली बातमी

सिएटलमध्ये कर्टिस एब्समायर नावाचे समुद्रशास्त्रज्ञ होते. बदकांच्या दीड-एक वर्ष आधी, २७ मे १९९० ला, 'हान्सा कॅरिअर' या जहाजावरून असेच काही कंटेनर पॅसिफिकमध्ये पडले होते. त्यांतून नायकीचे सुमारे ६० हजार बूट समुद्रात मोकळे झाले. काही महिन्यांनी अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बूट लागू लागले. ही बातमी वर्तमानपत्रात 'जगातल्या गमतीजमती' या थाटात छापून आली होती. ती एब्समायर यांच्या आईच्या नजरेला पडली. हे बूट नेमके इथेच का येताहेत, असं तिने मुलाला विचारलं.

मुलाला उत्तर ठाऊक नव्हतं. ते शोधायला तो बसला, आणि पुढची कित्येक वर्षं त्यातून उठला नाही.

बुटांचा एक मोठा फायदा होता. प्रत्येकावर मालाच्या मागणीचा क्रमांक छापलेला होता. त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेला बूट याच जहाजावरून पडला की नाही, हे नक्की सांगता येई. कुठे पडला आणि केव्हा पडला हे जहाजाच्या नोंदीत होतं. कुठे सापडला आणि केव्हा सापडला हे किनाऱ्यावर फिरणारे लोक सांगत होते. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजेच समुद्राचा प्रवाह.

एक गंमत लोकांच्याही लक्षात आली. एका किनाऱ्यावर डाव्या पायाचे बूट जास्त, तर दुसऱ्या किनाऱ्यावर उजव्या पायाचे. बुटाच्या आकारामुळे वारा दोघांना थोडा वेगवेगळ्या बाजूला ढकलत होता. मग लोकांनी एकत्र जमून बुटांची अदलाबदल केली, जोड्या जुळवल्या, शिंपले खरवडून काढले, बूट धुतले आणि चक्क वापरले.

बाटल्यांपेक्षा बरी बदकं

समुद्राचे प्रवाह मोजायची जुनी रीत म्हणजे बाटलीत चिठ्ठी घालून ती सोडून द्यायची. शास्त्रज्ञ एका वेळी पाचशे ते हजार बाटल्या सोडत. त्यांपैकी शंभरात जेमतेम दोन बाटल्यांची खबर परत येई. आता इथे कोणाच्याही खिशाला चाट न लागता २८,८०० 'बाटल्या' एकाच दिवशी, एकाच ठिकाणी सोडल्या गेल्या होत्या!

अपघातानंतर दहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, अलास्कातल्या सिटका गावाजवळ पहिली दहा खेळणी सापडली. पडल्या जागेपासून हे अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर. मग आणखी वीस सापडली, आणि पुढच्या वर्षभरात अलास्काच्या आखाताच्या किनाऱ्यावर मिळून सुमारे चारशे. एब्समायर यांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी लोकांचं जाळंच उभं केलं. शिक्षक, मच्छीमार, निवृत्त माणसं, जो कोणी खेळणं उचलेल त्याने तारीख आणि जागा कळवायची.

दुसरीकडे त्यांचे सहकारी जेम्स इंग्रॅहम संगणकावर बसले होते. इंग्रॅहम अमेरिकी सरकारच्या सागरी संस्थेत काम करत. माशांच्या अभ्यासासाठी त्यांनी एक प्रारूप तयार केलं होतं. १९६७ पासूनच्या हवेच्या दाबाच्या रोजच्या नोंदींवरून ते वारा काढायचं, आणि वाऱ्यावरून पृष्ठभागाचं पाणी कुठे सरकेल ते सांगायचं. बूट पाण्यात जवळजवळ बुडून वाहतो, म्हणून तो प्रवाहाचं ऐकतो. पोकळ खेळणं पाण्यावर उंच तरंगतं, म्हणून त्याला वाराही हाकतो. हा फरक धरून त्यांनी हिशेब केला, आणि काही खेळणी १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याला लागतील असं भाकीत केलं. १९९६ मध्ये ती खरोखरच तिथे लागली.

यातूनच एक मोठी गोष्ट हाती आली. उत्तर पॅसिफिकच्या वरच्या भागात पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरतं, हे आधीपासून माहीत होतं. पण एक फेरी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो? खेळणी त्याच किनाऱ्यांवर पुन्हा पुन्हा लागत गेली, त्यावरून उत्तर मिळालं: सुमारे तीन वर्षं. देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी काही खेळणी वर्षानुवर्षं तिथेच फिरत होती. उन्हाने पिवळी बदकं आणि लाल बीव्हर पांढरेफटक पडले. कासवं आणि बेडकांचा रंग मात्र टिकला.

इंग्लंडची स्वारी

आता निरोपातल्या शेवटच्या दाव्याकडे येऊ. काही खेळणी बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला जातील, बर्फात अडकतील, बर्फाबरोबर हळूहळू सरकत काही वर्षांनी अटलांटिकमध्ये उतरतील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. तो शक्य कोटीतला होता. २००३ मध्ये कंपनीने पूर्व किनाऱ्यावर खरं खेळणं शोधून देणाऱ्याला शंभर डॉलरचं बक्षीसही लावलं.

२००७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश वृत्तपत्रांनी बदकांच्या 'स्वारी'च्या बातम्या रंगवल्या. जुलैमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर एक बदक सापडलं, आणि बदकं पोहोचली म्हणून एकच गाजावाजा झाला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या स्थानिक वृत्तपत्राने खुलासा छापला: साउदॅम्प्टनच्या सागरविज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाने ते तपासलं, आणि ते त्या संचातलं नाही. खऱ्या खेळण्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं. पण तो खुलासा कोण वाचतो? अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी 'इंग्लंडला पोहोचली' हेच फिरतं आहे.

मला यात एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. ज्यांनी या बातमीतून विज्ञान घडवलं, त्यांनी प्रत्येक वेळी एकच काम केलं: कुठे, केव्हा, किती, आणि ओळखीची खूण काय, हे विचारलं. ज्यांनी अफवा घडवली, त्यांनी नेमकं तेवढंच विचारलं नाही.

हसू ओसरल्यावर

समुद्रात सांडलेल्या मालाच्या गोष्टी अनेक आहेत. १३ फेब्रुवारी १९९७ ला 'टोकियो एक्स्प्रेस' या जहाजावरून ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाजवळ ६२ कंटेनर पडले. एकात लेगोचे जवळजवळ ४८ लाख तुकडे होते, आणि योगायोग असा की त्यांतले पुष्कळसे ऑक्टोपस, पाणबुड्यांची पावलं अशा समुद्राच्याच विषयावरचे. ते आजही कॉर्नवॉलच्या वाळूत सापडतात. २०२० मध्ये प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी किनाऱ्यावर मिळालेल्या लेगोच्या विटा तपासल्या. अशी एक वीट समुद्रात १०० ते १,३०० वर्षं टिकू शकते, असा त्यांचा निष्कर्ष.

इथे मात्र हसू थोडं ओसरतं. बदक तरंगत राहिलं म्हणून आपल्याला प्रवाह कळले. पण ते तरंगत राहिलं याचाच अर्थ ते नष्ट झालं नाही. हेच प्लास्टिक हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या भोवऱ्यात साठतं. त्या कचऱ्याच्या पट्ट्याला आज जगभर प्रचलित असलेलं नाव रूढ करण्यात याच एब्समायर यांचा मोठा वाटा आहे.

आपला समुद्र कोणीकडे वाहतो?

पॅसिफिकचं चक्र वर्षभर एकाच दिशेने फिरतं. आपला अरबी समुद्र तसा नाही. इथे मोसमी वारे पाण्यालाही वळवतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडे वाहतं, हिवाळ्यात उत्तरेकडे. आणि पावसाळ्याचा पश्चिमेचा वारा समुद्रात जे जे तरंगत असेल ते किनाऱ्याकडे लोटतो.

मे-जूनपासून आपल्या वाळूवर काळे, चिकट डांबराचे गोळे येऊन पडतात, ते यामुळेच. पायाला लागले की रॉकेल घासल्याशिवाय निघत नाहीत, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. भर समुद्रात जहाजांतून किंवा तेलक्षेत्रांतून सांडलेलं तेल घट्ट होत होत हे गोळे बनतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांची रासायनिक तपासणी करून, वारा आणि प्रवाहाचा हिशेब मांडून, ते मूळचे कुठले याचा माग काढला आहे. रीत तीच, बदकांचीच: खूण ओळखा आणि वाट उलटी चाला.

अलीकडचं उदाहरण तर ताजंच आहे. २५ मे २०२५ ला 'एमएससी एल्सा ३' हे जहाज कोचीजवळच्या समुद्रात ६४० कंटेनरांसह बुडालं. काही दिवसांतच प्लास्टिकचे पांढरे दाणे, साबुदाण्याहून फारसे मोठे नसलेले, तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर आणि पुढे तमिळनाडूपर्यंत पसरले. कोचीहून दक्षिणेला, म्हणजे पावसाळी प्रवाह ज्या दिशेने जातो त्याच दिशेने. हेच जहाज डिसेंबरात बुडालं असतं तर प्रवाहाचा रोख उत्तरेकडे, आपल्या बाजूला असता. या दाण्यांवर ना कंपनीचं नाव असतं, ना क्रमांक. माशांना ते गाबोळीसारखे वाटतात. बदक उचलून घरी नेता येतं, वाळूत मिसळलेला साबुदाणा कसा वेचणार?

तेव्हा यापुढे बदकांचं चित्र आलं तर अवश्य हसा, पण पुढे धाडताना आकडा दुरुस्त करून धाडा: बदकं ७,२००, आणि इंग्लंडचं बदक वेगळं होतं. आणि पावसाळ्यात मिरामार, कोलवा किंवा मोरजीला फेरी मारताना नाव किंवा क्रमांक छापलेली एखादी अनोळखी वस्तू दिसली, तर फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि समुद्रविज्ञान संस्थेला कळवा. सिटकाच्या लोकांनीही एवढंच केलं होतं.