खटला उभा राहीना, जामीनही मिळेना!

ऑक्टोबर 2023 मध्ये पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापा पडून कोट्यवधींचा अमली साठा सापडला. हे विष बजाजनगरच्या किती जवळ आले आहे, ते तेव्हा कळले. पंचशीलातले पाचवे शील मानणारे आम्ही या व्यापाऱ्यांची बाजू घेणार नाही. पण पकडलेला प्रत्येक जण दोषीच असतो काय? ते न्यायालयाने ठरवायचे. आणि खटलाच वर्षानुवर्षे रेंगाळला तर?

1985 च्या कायद्याचे कलम 37 फार कडक. गांजा 20 किलोंहून किंवा मेफेड्रोन 50 ग्रॅमहून अधिक असेल, तर आरोपी निर्दोष असावा असे न्यायाधीशांना सकारण वाटल्याशिवाय जामीन नाही. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या प्रलंबित खटल्यांपुरती वाट काढली. किमान दहा वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षे कोठडीत गेलेल्यांना जामीन; पण लाखाचा, वर तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार! कंत्राटी कामगाराने असे सोयरे आणावेत कुठून?

28 मार्च 2023 रोजी, दिल्लीतल्या गांजा प्रकरणात सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीला जामीन देताना, खटल्यास अवाजवी विलंब झाला तर कलम 37 आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कमावता माणूस आत गेला की गरिबाचे घर कसे उधळते, हेही निकालपत्रात आहे.

कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मायबहिणींनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. अटकेची तारीख, दोषारोपपत्राची तारीख, आजवर किती साक्षीदार तपासले, हे कागदावर लिहून न्या. वकील आधी तेच विचारतील.