मळणी यंत्राला मोटारीऐवजी छोटे इंजिन जोडताना

भंडारा जिल्ह्यात खरीप धानाची कापणी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तर उन्हाळी धानाची मे महिन्यात होते. या दोन्ही हंगामांत पावसाची धास्ती असते. बांधीतील कडपा भिजल्या की दाण्याला कोंब फुटतात, तांदूळ काळपट पडतो आणि भाव उतरतो. अशा वेळी खळ्यावर यंत्र उभे असूनही वीज नसेल, तर हातचे पीक जाते. म्हणून अनेक शेतकरी मोटारीवर चालणाऱ्या मळणी यंत्राला डिझेल किंवा पेट्रोल इंजिन जोडण्याचा विचार करतात. हा बदल गावातील वेल्डिंगच्या दुकानातही होऊ शकतो. मात्र मोटार काढून तेथे इंजिन ठेवले, एवढ्यावर काम भागत नाही.

अश्वशक्तीचा हिशेब
पाच अश्वशक्तीच्या मोटारीला पाच अश्वशक्तीचे इंजिन पुरेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ओल्या पेंढीचा मोठा घास एकदम आत गेला तर मोटार क्षणभर जादा भार सोसते. इंजिन तो सोसू शकत नाही, ते बंद पडते. शिवाय लहान पेट्रोल इंजिनावर लिहिलेली शक्ती बहुधा जास्तीत जास्त वेगाची असते, सतत चालविण्याची नसते. म्हणून मोटारीच्या मानाने डिझेल इंजिन सुमारे दीडपट व पेट्रोल इंजिन पावणेदोनपट शक्तीचे घ्यावे.

पुलीचा हिशेब
शेतीची तीन फेजची मोटार सामान्यतः दर मिनिटास १४४० फेरे घेते. इंजिनाचे फेरे वेगळे असतात. हिशेब सोपा आहे: चालविणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर यंत्राच्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे.

समजा, मोटारीची पुली १२.५ सें.मी. व ड्रमची पुली ३० सें.मी. आहे. १४४० ला १२.५ ने गुणून ३० ने भागले की ड्रमचे ६०० फेरे येतात. आता १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन घेतल्यास तीच पुली वापरून इंजिनाचा वेग किंचित कमी ठेवला तरी चालते. मात्र पेट्रोल इंजिन ३००० फेऱ्यांवर चालणारे असेल, तर पुली ६ सें.मी.ची लागेल. एवढ्या लहान पुलीवर व्ही-पट्टा घसरतो, तापतो व लवकर तुटतो. अशा वेळी मधे एक दांडा बेअरिंगवर बसवावा. इंजिनावर १२.५ सें.मी.ची आणि मधल्या दांड्यावर २६ सें.मी.ची पुली लावली की त्या दांड्याला सुमारे १४४० फेरे मिळतात. पुढची जोडणी पूर्वीचीच राहते.

ड्रमचा वेग वाढविण्याचा मोह टाळावा. वेग वाढला की दाणा फुटतो, तर वेग कमी पडला की दाणे लोंबीला चिकटून राहतात व तणसाबरोबर जातात. यंत्राच्या पाटीवर दिलेले फेरेच ठेवावेत.

फिरण्याची दिशा
मोटार उलटी फिरली तर दोन फेजच्या तारा अदलाबदल करून ती सुलटी करता येते. इंजिनाची दिशा मात्र ठरलेली असते. खरेदीपूर्वी इंजिनावरील व ड्रमवरील बाण पाहून घ्यावेत. दिशा उलट येत असेल तर इंजिनाचे तोंड दुसरीकडे फिरवून बसवावे. व्ही-पट्टा आडवा-तिरपा टाकून दिशा बदलता येत नाही.

बैठक व पट्टा
इंजिन हादरते, म्हणून मोटारीची पातळ बैठक वापरू नये. लोखंडी चॅनेलची वेगळी चौकट करून तिला लांबट भोके ठेवावीत, म्हणजे पट्टा ताणता येतो. दोन्ही पुलींच्या कडांवर एक दोरी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली तर पुली एका रेषेत आहेत असे समजावे. दोन दांड्यांत एक मीटर अंतर असल्यास अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे दीड सें.मी. खाली जावा.

इंजिन भारासह सुरू करू नये. पट्ट्याच्या सैल बाजूवर दांडीने दाबता येणारी जादा पुली बसवावी. आधी इंजिन सुरू करून वेग घेऊ द्यावा, मग दांडी दाबून ड्रम फिरवावा.

सुरक्षितता
विजेचे बटण दाबले की मोटारीची शक्ती तुटते. इंजिन चालू असताना मात्र पट्टा सैल करणारी दांडी आणि इंजिन बंद करण्याची कळ हाच आधार असतो. म्हणून दोन्ही घास देणाऱ्या माणसाच्या हाताशी असाव्यात. मळणी यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. घास देण्याची पेटी व पट्ट्यावरची जाळी कामाची घाई म्हणून काढू नये. धुराड्याचे तोंड तणसाच्या ढिगापासून दूर व वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावे. बंद कोठ्यात इंजिन कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व त्याने माणूस दगावतो. इंधन भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. जोडणी करताना मोटारीचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत.

खर्चाचा विचार
पाच अश्वशक्तीचे काम करताना डिझेल इंजिनाला तासाला सुमारे सव्वा लिटर इंधन लागते. तेच काम मोटार सुमारे साडेचार युनिट विजेत करते. म्हणजे एक लिटर डिझेल साडेतीन युनिटांच्या बरोबरीचे आहे. आपल्याकडील वीजदर व डिझेलचा भाव ताडून पाहिल्यास वीज असताना मोटारच स्वस्त पडते, हे लक्षात येईल. पेट्रोल तर डिझेलहूनही महाग पडते.

यासाठी मोटार विकून टाकू नये. मोटार व इंजिन यांच्या दोन वेगळ्या चौकटी कराव्यात आणि दोन्हींची बोल्टची भोके सारखी ठेवावीत. असे केल्यास अदलाबदल थोड्या वेळात होते. कापणीपूर्वीच एकदा इंजिन जोडून, रिकामे यंत्र अर्धा तास चालवून पाहावे. आभाळ भरून आले असताना पुली शोधत फिरण्याची वेळ त्यामुळे येत नाही, आणि पुंजणे भिजण्याआधी धान पोत्यात जाते.