बहुपुटी अंडाशय विकारातील संप्रेरक उपचार

बहुपुटी अंडाशय विकारात (पीसीओएस) अनियमित झालेली मासिक पाळी नियमित करण्यासाठी आणि गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करण्यासाठी संप्रेरकयुक्त औषधे दिली जातात. या विकाराचे वर्णन इ.स. १९३५ मध्ये शिकागो येथील आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी केले.

उपचाराची गरज

बीजोत्सर्गानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार होते. त्याची पातळी उतरली की अस्तर गळून पाळी येते. या विकारात बीजोत्सर्ग वेळेवर होत नाही. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन अपुरे पडते व इस्ट्रोजेनच्या प्रभावाने अस्तर जाड होत जाते. ही स्थिती अनेक वर्षे राहिल्यास अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवसांहून अधिक काळ पाळी न आल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

औषधे

संयुक्त गोळ्या : यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन असते. सामान्यतः २१ दिवस गोळी व ७ दिवस खंड असा क्रम असतो. मुरुमे आणि चेहऱ्यावरील केसांची वाढही यांनी कमी होते. रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास, उच्च रक्तदाब अथवा दृष्टिदोषासह उठणारी अर्धशिशी असल्यास त्या टाळतात.

केवळ प्रोजेस्टिन : मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखे औषध दर एक ते तीन महिन्यांनी १० ते १४ दिवस देतात. ते थांबवल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो. या पद्धतीने गर्भनिरोधन होत नाही.

मर्यादा

औषधामुळे येणारा रक्तस्राव हा बीजोत्सर्गाचा पुरावा नव्हे. मूळ विकार बरा होत नसल्याने औषध थांबवल्यावर पाळी पुन्हा अनियमित होऊ शकते; मात्र गोळ्यांमुळे कायमचे वंध्यत्व येते, हा समज चुकीचा आहे. अपत्यप्राप्तीची इच्छा असल्यास लेट्रोझोलसारखी बीजोत्सर्ग घडवणारी औषधे वापरतात.