'युग' म्हणजे काय?

विज्ञानयुग, संगणकयुग, आंबेडकरयुग असे शब्द भाषणांतून आपण नेहमी ऐकतो. परंतु इतिहासात 'युग' हा शब्द कोणत्या अर्थाने येतो, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

संस्कृतात 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरील जू. त्यावरून जोडी व पुढे काळाचा मोठा विभाग, असा अर्थ वाढत गेला. पुराणांनी कृत, त्रेता, द्वापर व कली अशी चार युगे सांगितली. ही मुळात द्यूतातील दानांची नावे होत. कलियुग ४,३२,००० वर्षांचे मानले आहे. ही श्रद्धेची गणना आहे, इतिहासाची नव्हे.

इतिहासातील युग पुराव्यावर उभे असते. डेन्मार्कच्या थॉमसन यांनी संग्रहालयातील वस्तूंची दगड, कांसे व लोखंड अशी विभागणी केली व ती १८३६ साली प्रसिद्ध झाली. अश्मयुग, लोहयुग हे शब्द त्या विभागणीवरून रूढ झाले. अर्थात एक युग संपून दुसरे एका दिवसात उजाडत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावचे प्राचीन शेतकरी तांब्याबरोबर दगडाची पातीही वापरीत. म्हणून त्यांच्या काळास 'ताम्रपाषाणयुग' म्हणतात.

मात्र काही नावे पुराव्याआधीच चिकटविली जातात. जेम्स मिल यांनी १८१७ साली भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम व ब्रिटिश असे कालखंड पाडले. त्यांनी भारत कधी पाहिलाही नव्हता. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस आली १८१९ मध्ये. अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी प्रिन्सेप यांनी उलगडली १८३७ मध्ये. म्हणजे नाव आधी पडले, पुरावा मागाहून आला! तरीही पुढे कित्येक वर्षे अशोकाचे शिलालेख, कार्ल्याचा चैत्य, अजिंठ्याचे विहार 'हिंदू कालखंड' याच मथळ्याखाली शिकविले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'क्रांती आणि प्रतिक्रांती' या लेखनात प्राचीन भारताचा इतिहास हा बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांच्यातील संघर्षाचा इतिहास आहे, असे मांडले. त्या एका मथळ्याने हाच संघर्ष झाकला होता.

आज अभ्यासक प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक ही नावे अधिक वापरतात. तीही अखेर माणसांनीच दिलेली आहेत. म्हणून विद्यार्थी मित्रहो, पुस्तकात एखादे 'युग' दिसले की तीन प्रश्न विचारा: हे नाव कोणी दिले? कोणत्या पुराव्यावर दिले? आणि त्या नावाखाली कोण झाकले गेले? हे प्रश्न विचारणे हीच इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात आहे.