उपसागरतळाचे प्रदूषण व तलस्थ जीव

किनाऱ्यालगतच्या उपसागरांत येणारे वाहितमल, कारखान्यांतील अपशिष्टे, खनिज तेल व जड धातू यांचा बराच भाग पाण्यात न राहता बारीक गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. अरुंद मुखाच्या उपसागरात भरती-ओहोटीने होणारी पाण्याची अदलाबदल अपुरी पडत असल्याने हा गाळ थरावर थर साचत जातो. शिंपले, तारामीन, गाळात बिळे करून राहणारे पॉलिकीट कृमी इ. तलस्थ जीव एकाच जागी किंवा अल्प क्षेत्रात राहतात. माशांप्रमाणे त्यांना दूर जाता येत नाही. त्यामुळे पाण्याच्या एखाद्या नमुन्यापेक्षा या जीवांच्या पाहणीवरून प्रदूषणाची कल्पना अधिक खात्रीने येते.

कार्बनी पदार्थ कुजताना तळालगतचा ऑक्सिजन खर्च होतो, गाळ काळा पडतो व त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. मोठ्या आकाराचे, दीर्घायुषी जीव प्रथम नाहीसे होतात. त्यांच्या जागी *कॅपिटेला कॅपिटेटा* यासारखे लहान, जलद प्रजनन करणारे कृमी अतोनात वाढतात. जातींची संख्या घटत असताना एकूण जीवांची संख्या काही काळ उलट वाढते, म्हणून केवळ संख्येवरून तळाच्या आरोग्याचा अंदाज बांधणे फसवे ठरते. अखेरीस तळ निर्जीव होतो. टी. एच. पीअरसन व आर. रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये हा क्रम विस्ताराने मांडला.

विषारी द्रव्यांचा परिणाम अल्प प्रमाणातही होतो. जहाजांच्या बुडाला लावण्यात येणाऱ्या रंगातील ट्रायब्यूटिल टिन या संयुगामुळे फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात १९७०–८० या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास खालावली व त्यांचे कवच विकृत झाले. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नौकांवर या रंगाच्या वापरास बंदी घातली.

जपानमधील मिनामाटा उपसागराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या ॲसिटाल्डिहाइड निर्मितीतून १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याची संयुगे उपसागरात सोडली गेली. त्यांपैकी मिथिल मर्क्युरी हे संयुग शिंपले व मासे यांच्या शरीरात साठले आणि ते खाणाऱ्या कोळी कुटुंबांत मज्जासंस्थेचा विकार उद्‌भवला. त्याची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. अपशिष्टे सोडणे थांबल्यावरही गाळातील पारा तसाच राहिला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये लावलेली जाळी १९९७ पर्यंत ठेवावी लागली. दरम्यान १९७७ ते १९९० या काळात दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक पारा असलेला सु. १५ लाख घ. मी. गाळ हाताळण्यात आला. गाळ उपसताना विष पुन्हा पाण्यात मिसळण्याचा धोका असल्याने हे काम संथपणे करावे लागले. उपसलेला गाळ भरून उपसागराचा सु. ५८ हेक्टर भाग बुजविण्यात आला.