विश्रांतीचा व्यवसाय आणि बॅटल क्रीकचा ताळेबंद

विश्रांती आणि स्वास्थ्य यांवर उभ्या राहिलेल्या व्यवसायाचे अर्थशास्त्र रुग्णालयाच्या अर्थशास्त्राहून वेगळे असते, कारण अपेंडिक्सचे दुखणे पुढे ढकलता येत नाही, पण आठवडाभराची विश्रांती सहज ढकलता येते. शिवाय ज्या रात्री खोली रिकामी राहते त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते आणि खर्च मात्र तसाच चालू राहतो. हा भेद किती निर्णायक ठरू शकतो, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक सॅनिटेरियमच्या सुमारे पाऊणशे वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८६६ मध्ये सुरू केलेल्या या छोट्या आरोग्यगृहाची सूत्रे १८७६ मध्ये जॉन हार्वे केलॉग या चोवीस वर्षांच्या डॉक्टरकडे आली आणि पुढच्या तीन दशकांत तेथे वर्षाला हजारो लोक येऊ लागले. शाकाहार, मद्य, तंबाखू, चहा व कॉफी यांचा त्याग, मोकळ्या हवेतील व्यायाम आणि जलोपचार, म्हणजे गरम-थंड पाण्याची स्नाने व शेक, यांचा एक बांधीव दिनक्रम तेथे आखलेला असे. पाहुण्याला केवळ खोली मिळत नसून काय खावे, केव्हा झोपावे आणि केव्हा चालावे याचा निर्णय घेण्याच्या ओझ्यातून त्याची सुटका होत असे, आणि लोक पैसे मोजत ते मुख्यतः या सुटकेसाठीच. मात्र असा दिनक्रम चालवण्यासाठी डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकघर आणि स्नानगृहे सदैव सज्ज ठेवावी लागत असल्यामुळे पाहुणे कमी झाले म्हणून खर्च त्या प्रमाणात घटत नसे.

खरी संपत्ती निर्माण झाली ती खोल्यांतून नव्हे, तर स्वयंपाकघरातून. रुग्णांसाठी पचायला हलके अन्न शोधताना १८९४ मध्ये केलॉग आणि त्यांचे धाकटे बंधू विल यांनी शिजवलेल्या गव्हाच्या पातळ पापड्या लाटून भाजल्या. त्याआधी तेथे उपचारासाठी राहून गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९५ मध्ये धान्यापासून केलेले कॉफीसारखे पेय बाजारात आणले आणि लवकरच मोठी संपत्ती कमावली. विल यांनीही १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढून कॉर्न फ्लेक्स घरोघरी पोहोचवले. डबा कोठेही पाठवता येतो आणि रोज पुन्हा विकला जातो, तर विश्रांती त्याच इमारतीत येऊन घ्यावी लागते, एवढ्या एका फरकामुळे मूळ संस्थेपेक्षा तिच्या अन्नपदार्थांचे आयुष्य दीर्घ ठरले.

दुसरा धडा दाव्यांचा आहे. आतड्यात साठलेल्या अन्नापासून विष तयार होऊन शरीरभर रोग पसरतात, या स्वयंविषबाधेच्या सिद्धांतावर केलॉग यांचा दृढ विश्वास होता, आणि तेथील आहार व एनिमाच्या उपचारांचे समर्थन बरेचसे त्यावर उभे होते. पुढे वैद्यकशास्त्राने हा सिद्धांत नाकारला. चालणे, साधा आहार आणि तंबाखूपासून दूर राहणे यांचे मोल मात्र टिकून राहिले. साध्या सवयींना चमत्काराच्या सिद्धांताची जोड दिली, की सिद्धांत कोसळताना त्या सवयींवरचा विश्वासही डळमळतो.

अखेरचा आघात विस्ताराने झाला. १९०२ च्या आगीनंतर नव्या भव्य इमारतीत उभी राहिलेली संस्था सावरली होती, परंतु १९२८ मध्ये तिने कर्ज काढून उंच मनोरा आणि आलिशान भोजनगृह बांधले आणि पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. मंदीत रुग्णालयांनाही पैशांची चणचण भासली, तरी जी पुढे ढकलता येईल अशा विश्रांतीवर लोकांनी सर्वांत आधी कात्री चालवली. १९३३ मध्ये न्यायालयाने संस्थेचा कारभार पाहण्यासाठी रिसीव्हर, म्हणजे धनकोंच्या हितासाठी काम करणारा प्रशासक, नेमला, आणि १९४२ मध्ये मुख्य इमारत सैनिकी रुग्णालयासाठी लष्कराला विकावी लागली.

म्हणून डोंगराळ भागात चार खोल्यांचे स्वास्थ्यकेंद्र काढू पाहणाऱ्यानेही सजावटीआधी दोन आकडे मांडून पाहावेत: निम्म्या खोल्या सहा महिने रिकाम्या राहिल्या तर पगार आणि हप्ते कोठून भागतील, आणि घरी परतलेला पाहुणा वर्षभर काय विकत घेत राहील.